लहान मेंदू कसा घडतो?

मूल उशिरा बसू लागले, चालताना त्याचा तोल गेला, की आपल्याकडे प्रश्न आईलाच विचारला जातो. ग्रहणात काय चिरलेस? कुणाची बाधा झाली? धम्म स्वीकारलेल्या घरांतही हे बोलणे कानी येते, म्हणून हा विषय आम्ही येथे घेत आहोत.

शरीराचा तोल आणि हालचालींचा मेळ लहान मेंदू, म्हणजेच अनुमस्तिष्क, सांभाळतो. वजनाने तो साऱ्या मेंदूच्या जेमतेम दहावा हिस्सा. पण मेंदूतील सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी ६,९०० कोटींच्या आसपास त्याच्यातच असतात!

आता विद्यार्थी विचारतील, प्रत्येक पेशीत जनुके जवळजवळ तीच, मग एक पेशी यकृताची आणि दुसरी मेंदूची कशी होते? आपला भाग पाटपाण्याचा. पाटात पाणी एकच असते, पण पाटकरी ज्या चारीचे दार उघडील तेथेच ते जाते. पेशीत हे काम काही प्रथिने करतात. डीएनएच्या ठरावीक जागी चिकटून ती तेथील जनुक चालू किंवा बंद करतात. त्यांना प्रतिलेखन घटक म्हणतात.

गर्भात लहान मेंदूच्या पेशी दोन जागी जन्मतात. वरच्या कडेला 'एटोह-१' हा घटक काम करतो. तेथून असंख्य बारीक कणिका पेशी निघतात. १९९७ साली हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत कणिका पेशी तयारच झाल्या नाहीत. आतल्या पोकळीच्या अस्तरात 'पीटीएफ-१ए' असतो. त्याच्यामुळे मोठ्या पर्किंजे पेशी होतात. पुढे या पर्किंजे पेशीच एक संदेश-प्रथिन सोडतात आणि त्यामुळे कणिका पेशींची पूर्वज मंडळी भराभर वाढतात. एक फळी ढासळली की दुसरीही खचते ती यामुळे.

वेळही महत्त्वाची. मोठ्या मेंदूविषयी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. शुभा टोळे यांच्या गटाने परदेशी सहकाऱ्यांसह २००८ साली उंदरांत दाखवले की, 'एलएचएक्स-२' हा घटक अगदी सुरुवातीच्या ठरावीक काळातच पेशींची ओळख पक्की करतो. तो नसला तर त्या पेशी दुसराच मार्ग धरतात.

माणसांत 'पीटीएफ-१ए'च्या बिघाडाने लहान मेंदू आणि स्वादुपिंड दोन्ही घडत नाहीत, हे २००४ साली सिद्ध झाले. हा आजार फार विरळ. त्यात बिघडलेली एकेक प्रत आई व वडील दोघांकडून येते. दोघेही स्वतः निरोगी असतात. प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक. मग एकट्या आईला बोल कसा लावायचा? मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या प्रथेने मात्र अशा प्रती जुळण्याची शक्यता वाढते. हे आम्हांला स्पष्ट लिहिलेच पाहिजे.

तोल जाण्याची कारणे इतरही असतात; जन्मावेळी गुदमरणे हे त्यांपैकी एक. गरोदरपणी घेतलेली दारूही लहान मेंदूला इजा करते. कारण तपासणीनेच कळते. घरात असे मूल आधी झाले असेल, तर पुढच्या गरोदरपणाआधीच जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना भेटावे, आणि नवरा-बायको दोघांनी जावे.