बीपी-साखरवाल्यांचा विमा

दारव्ह्यात आमच्या घरी यजमानांना साखर, सासूबाईंना बीपी. घरच्यांचे नि शेजाऱ्यांचे दवाखान्याचे कागद सांभाळता सांभाळता कळलं, ते लिहिते.

१. विम्याचा अर्ज स्वतः वाचून भरा. एजंट म्हणतो, "ताई, साखरेचं कायले लिहिता, प्रीमियम वाढते." वाढू द्या. अमेरिकेला गेलेल्या एका प्रवाशाने अर्जात मधुमेह लिहिला होता. तिथल्या विमानतळावर त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि कंपनीने हात वर केले. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठणकावलं, की सांगितलेला आजार माहीत असताना पॉलिसी दिली, तर नंतर त्याच आजाराचं कारण काढून दावा नाकारता येत नाही.

२. पॉलिसीच्या आधीच्या ३६ महिन्यांत निदान किंवा उपचार झालेला आजार 'आधीचा' धरतात. त्याच्या खर्चाचा दावा मिळण्याआधी थांबण्याची मुदत एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३ वर्षं आहे, पूर्वी ४ होती. कंपनी बदलली तरी भरलेली वर्षं मोजली जातात. फक्त हप्त्यात खंड पडू देऊ नका.

३. हे सगळ्यात महत्त्वाचं. शेजारच्या काकांना रात्री यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "साखर कधीपासून?" सोबतचा भाचा घाबरलेला. म्हणाला, "असन दहाक वर्सांपासून." केसपेपरवर तसंच उतरलं: मधुमेह, १० वर्षे. खरं तर साखर निघाली होती पॉलिसीनंतर. कंपनीने त्याच ओळीवर बोट ठेवून दावा फेटाळला. काकूंनी लॅबचा पहिला रिपोर्ट तारखेसकट जपला होता. तो दाखवल्यावर डॉक्टरांनी लेखी दुरुस्ती दिली आणि पैसे मिळाले. माहीत नसेल तर "नक्की सांगता येत नाही" एवढंच म्हणा. आजाराचा पहिला रिपोर्ट कधीच फेकू नका. डिस्चार्ज कार्ड हाती आलं की तिथेच उभं राहून वाचा.

४. सलग ६० महिने पॉलिसी चालली, की माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा अडवता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच. ही मुदत पूर्वी ८ वर्षं होती. पण या भरवशावर आजार लपवू नका. दवाखाना पाच वर्षं थांबत नाही.

५. आपल्या जिल्ह्यातल्या कोलाम, गोंड वस्त्यांवर सिकलसेलचे रुग्ण आहेत. खासगी विम्याचा हप्ता त्यांना कुठून झेपणार? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आधीच्या आजाराची आडकाठी नाही आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. मात्र यादीतले उपचार, तेही योजनेतल्याच रुग्णालयात. रेशनकार्ड, आधार घेऊन आधी तिथल्या आरोग्यमित्राला गाठा. आशाताईंनी हे पोडापोडावर, म्हणजे वस्तीवस्तीवर जाऊन सांगावं, असं मला फार वाटतं.

६. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडे तक्रार करा. महिनाभरात निकाल लागला नाही किंवा पटला नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जा. फी नाही, वकील लागत नाही. यवतमाळला जिल्हा ग्राहक आयोगही आहे.