कष्ट सुटले, हालचाल सुटू नये
(दैनंदिन जीवनातील शारीरिक क्रियाशीलतेविषयी एक अभ्यासलेख)

आपल्या समाजाच्या गेल्या तीन पिढ्यांचा इतिहास थोडक्यात सांगायचा झाल्यास, उन्हात राबणाऱ्या माणसांनी आपल्या मुलांना सावलीत बसून काम करण्याचा हक्क मिळवून दिला, असे म्हणता येईल. आजोबांनी दुसऱ्याच्या शेतात, गिरणीत, रेल्वेच्या रुळांवर घाम गाळला. आजीने डोक्यावरून पाणी, विटा आणि सरपण वाहिले. आपल्या लेकरांनी शिकावे आणि त्यांच्या वाट्याला हे ओझे येऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती. ती इच्छा पुष्कळ अंशी सफल झाली. आपल्या संस्थेतून बाहेर पडलेले विद्यार्थी आज शिक्षक, अभियंते, परिचारिका, वकील आणि अधिकारी म्हणून काम करीत आहेत. हे यश लहान नव्हे.

परंतु याच यशाच्या पोटी एक नवा प्रश्न जन्माला आला आहे. खुर्ची मिळाली आणि शरीराची हालचाल थांबली. ज्या घरात पूर्वी अपुरे अन्न व अतिश्रम हे दुखण्याचे कारण होते, त्याच घरात आज चाळिशीच्या आत मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी येऊन ठेपते. हा प्रश्न केवळ वैद्यकीय नाही, तर सामाजिकही आहे, कारण शिक्षणाने मिळवलेली वर्षे आजाराने हिरावून घेतली, तर पूर्वजांच्या कष्टांचे मोल कमी होते. म्हणून या विषयाचा येथे थोडा सविस्तर विचार करावा, असे आम्हांस वाटते.

कष्ट आणि हालचाल

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. “आमच्या आईने कधी व्यायाम केला नाही, तरी ती धट्टीकट्टी होती,” असे आपण सहज बोलून जातो. त्याच आईचे गुडघे पन्नाशीत झिजले होते आणि पाठ वाकली होती, याचा आपल्याला विसर पडतो. जड ओझी उचलणे, तासन्‌तास एकाच स्थितीत उभे राहणे आणि विश्रांती न मिळणे या गोष्टींनी शरीर सुदृढ होण्याऐवजी झिजते. फुरसतीच्या वेळेतील हालचाल आयुष्य वाढवते, परंतु विश्रांतीवाचूनचे जड शारीरिक काम तसा लाभ देत नाही, असे डेन्मार्क व नेदरलँड्समधील संशोधकांनाही गेल्या काही वर्षांत आढळून आले आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ सालची दुरुस्ती याच कालखंडातील आहे. कामगाराला विश्रांतीचा हक्क आहे, हा विचार तिच्या मुळाशी होता. म्हणून हालचालीचा पुरस्कार करताना आपण जुन्या कष्टांचे गोडवे गाऊ नयेत. कष्ट लादलेले असतात, तर हालचाल आपण स्वेच्छेने, स्वतःच्या हितासाठी आणि झेपेल तितकी करतो.

बसण्याची किंमत

२०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातील सुमारे निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के होते. २००० साली हेच एकूण प्रमाण सुमारे २२ टक्के होते. एका पिढीच्या आत ते दुपटीहून अधिक झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटींवर असल्याचे दाखवले. त्याहून अधिक लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत.

या दोन गोष्टींचा परस्परसंबंध समजण्यास कठीण नाही. आपण जेवतो तेव्हा रक्तातील साखर वाढते. ती साखर साठवून वापरणारे सर्वांत मोठे कोठार म्हणजे आपले स्नायू, आणि त्यातही मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू. हे स्नायू काम करू लागले की, ते इन्सुलिनच्या मदतीवाचूनही रक्तातील साखर ओढून घेऊ शकतात. जेवून लगेच आडवे झालो, तर हे कोठार बंद राहते. दहा-पंधरा मिनिटे सावकाश चाललो, तर ते उघडते. शतपावलीची आपली जुनी रीत अशी शास्त्राच्या कसोटीस उतरते.

लंडनच्या बसमधील धडा

हालचालीसाठी व्यायामशाळाच हवी, मैदानच हवे, हा समज दूर करणारे एक संशोधन सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. जेरी मॉरिस या ब्रिटिश वैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसमधील चालक व वाहक यांच्या आरोग्याची तुलना केली. ती १९५३ साली प्रसिद्ध झाली. दोघे एकाच बसमध्ये, एकाच शहरात काम करीत. चालक दिवसभर बसून असे, तर वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसभर जिना चढे व उतरे. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांहून कमी आढळले. टपाल खात्यात पायी अथवा सायकलवरून पत्रे वाटणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कारकून यांच्यातही असाच फरक दिसला. पुढे मॉरिस यांनी स्वतःच अधिक तपास केला, तेव्हा चालकांचा कमरेचा घेर नोकरीच्या आरंभीच अधिक असल्याचे आढळले. म्हणजे सारा फरक एकट्या जिन्याचा नव्हता. परंतु नंतरच्या अनेक अभ्यासांनी मूळ निष्कर्षास बळकटीच दिली.

बेस्टच्या दुमजली बसमधून प्रवास केलेल्या मुंबईकरांना त्या वाहकाचे काम डोळ्यांसमोर आणता येईल. त्याने व्यायाम म्हणून काहीही केले नव्हते. हालचाल त्याच्या दिवसात विणली गेली होती, आणि तीही सारखे ओझे वाहण्याची नव्हे, तर चढण्याची, उतरण्याची, थांबण्याची आणि पुन्हा चालण्याची.

विनयपिटकातील चंक्रमण

आपल्या परंपरेत या विषयाचे एक अत्यंत व्यवहारी प्रकरण आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात अशी हकिकत येते की, वैशाली येथे उपासकांकडून भिक्खूंना एकापाठोपाठ एक पक्वान्नांची भोजने मिळू लागली आणि त्यामुळे अनेक भिक्खू आजारी पडले. जीवक हा वैद्य त्या वेळी वैशालीस आला होता. त्याने हे पाहून तथागतांकडे दोन गोष्टींची अनुमती मागितली. एक चंक्रमणाची, म्हणजे येरझारा घालण्याच्या जागेची, आणि दुसरी ऊष्ण स्नानगृहाची. तथागतांनी दोहोंस अनुमती दिली.

त्यापुढील तपशील अधिक उद्बोधक आहे. चंक्रमणाची जागा उंचसखल असल्याने पाय दुखू लागले, तेव्हा ती सपाट करण्यास सांगितले गेले. जागा सखल असल्याने पाणी साचले, तेव्हा ती उंच बांधण्यास सांगितले गेले. पुढे पायऱ्या आल्या, कठडा आला आणि थंडी व उन्हापासून बचाव व्हावा म्हणून वर छप्परही आले. भिक्खूंनी चालावे एवढा उपदेश करून प्रकरण संपवले गेले नाही. चालणे ज्या ज्या कारणाने अडते, ते प्रत्येक कारण दूर केले गेले. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवासाची क्षमता, उद्योगाची क्षमता, निरोगीपणा, खाल्लेल्या अन्नाचे पचन आणि चालताना लाभलेली समाधी दीर्घकाळ टिकणे.

यातून आपण घ्यावयाचा बोध असा की, हालचाल केवळ इच्छाशक्तीवर सोडून चालत नाही. तिच्यासाठी जागा, वेळ आणि सोय निर्माण करावी लागते.

किती आणि कशी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणाऱ्या क्रिया कराव्यात. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे आवश्यक आहेत. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी तोल सांभाळण्याच्या क्रियांचीही जोड द्यावी. मध्यम हालचालीची खूण सोपी आहे. चालताना बोलता येते, परंतु गाणे म्हणता येत नाही, अशी ती गती होय.

१५० मिनिटे हा आकडा मोठा वाटला, तरी दिवसाला तो २२ मिनिटांच्या आसपास येतो. ही मिनिटे सलग असण्याचीही आवश्यकता नाही. बसथांब्यापर्यंत दहा मिनिटे झपाट्याने चालत जाणे आणि तितकेच चालत परतणे, तिसऱ्या मजल्यावरील कार्यालयात जिन्याने जाणे, एवढ्यानेही हिशेब पूर्ण होतो. बैठे काम करणाऱ्यांनी दर अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे फिरावे. दूरध्वनीवर बोलताना चालावे. दिवसातून दोन वेळा हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहादा उठावे व बसावे. वृद्धापकाळी पडण्यापासून वाचवणारे बळ मांड्यांतच असते, आणि त्याची ठेव आधीपासून जमा करावी लागते. ज्यांना मधुमेहाची औषधे अथवा इन्सुलिन चालू आहे, ज्यांना छातीत दुखते किंवा धाप लागते, त्यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्यानेच प्रमाण वाढवावे. उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, चालण्याची वेळ पहाटेची अथवा सूर्यास्तानंतरची असावी.

घर, शाळा आणि विहार

निवासी शाळेतील मुलामुलींच्या दिनक्रमात पहाटेची कवायत, श्रमदान आणि सायंकाळचे खेळ असतात. शाळा सुटली की, तो दिनक्रमही सुटतो. माजी विद्यार्थ्यांनी स्वतःला विचारावे की, येथील कोणती एक सवय आपल्याकडे अजून उरली आहे.

पालकांना आमचे दोन गोष्टींविषयी विशेष सांगणे आहे. पहिली गोष्ट मुलींची. वयात येताच मुलीचे मैदान बंद होते आणि घरकाम वाढते. हाडे बळकट होण्याचा काळ हाच असतो, आणि हाडांना बळ मिळते ते धावण्याने व उड्या मारण्याने. भांडी घासणे हा त्याला पर्याय नव्हे. दुसरी गोष्ट घरकामाची. झाडणे, पाणी भरणे, कपडे वाळत घालणे ही कामे मुलगा, मुलगी, वडील व आई यांच्यात वाटली गेली, तर एकीचे कष्ट कमी होतात आणि बाकीच्यांना हालचाल मिळते. आरोग्य आणि समता या दोहोंचा लाभ एकाच व्यवस्थेतून होतो.

स्त्रियांच्या निष्क्रियतेचा ५७ टक्के हा आकडा आळसाचा निदर्शक मानणे अन्यायाचे होईल. अंधारा रस्ता, पदपथाचा अभाव, मोकाट कुत्री आणि लोकांच्या नजरा ही त्यामागची खरी कारणे आहेत. यावर एक उपाय आपल्या हाती आहे. वस्तीतील विहाराचे आवार सपाट करून, त्याभोवती दिवे लावून, चालण्याची एक वाट आखता येईल. सायंकाळच्या वंदनेनंतर अर्धा तास स्त्री-पुरुषांनी, वृद्धांनी व मुलांनी तेथे एकत्र चालावे. यास फार मोठा निधी लागत नाही. जीवकाने मागितले होते तेही याहून फार वेगळे नव्हते.

वीणेची तार

शेवटी एका सावधगिरीची नोंद केली पाहिजे. सोण कोळिविस हा श्रीमंत घरातील अत्यंत सुकुमार तरुण भिक्खू झाला आणि अतिउत्साहाने चंक्रमण करू लागला. त्याचे पाय फुटून वाट रक्ताने माखली. तेव्हा तथागतांनी त्याला वीणेची उपमा दिली : तार फार ताणली तरी वीणा नीट वाजत नाही आणि फार सैल सोडली तरी वाजत नाही. त्याच प्रसंगी त्याला पायताण वापरण्याचीही मुभा देण्यात आली. परंतु इतर भिक्खूंना नसलेली सवलत सोणाने एकट्याने स्वीकारली नाही, आणि मग ती साऱ्या संघाला मिळाली.

पहिल्या आठवड्यात रोज दहा हजार पावले मोजून दुसऱ्या आठवड्यात गुडघा धरून बसणाऱ्यांसाठी या कथेत पुष्कळ काही आहे. आज पाच मिनिटांनी आरंभ करावा, पंधरवड्याने त्यात पाच मिनिटांची भर घालावी आणि पायांत योग्य पायताण असावे. सोणाप्रमाणे आपणही सोय एकट्यासाठी न मागता सर्वांसाठी मागावी. आपल्या पूर्वजांनी आपल्याला बसण्याचा हक्क मिळवून दिला. पुढील पिढीला आपण तो हक्क तर द्यावाच, शिवाय वेळेवर उठून चालू लागण्याची सवयही द्यावी.