‘प्रदर्शन’ : एका शब्दाचा शोध

‘प्रदर्शन’ हा शब्द आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. ग्रंथप्रदर्शन, चित्रप्रदर्शन, विज्ञानप्रदर्शन, कृषिप्रदर्शन असे शब्द आपण नेहमी ऐकतो. परंतु नेहमीच्या शब्दाकडे आपण क्वचितच निरखून पाहतो. माझ्यावर तशी वेळ आणली ती माझ्या आईने.

मराठी भाषा गौरव दिनानिमित्त, म्हणजे २७ फेब्रुवारीला, आमच्या वर्गाने जुन्या वस्तूंचे दोन दिवसांचे प्रदर्शन भरवायचे ठरवले. प्रत्येकाने घरून एक वस्तू आणायची होती. मी आईकडे तिचे खुरपे मागितले. ती म्हणाली, “आपलं असलं-नसलं चारचौघांत कशाला मांडतीस?” आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. ‘आईला प्रदर्शन म्हणजे काय ते कळत नाही,’ असे मला वाटले. पुढे शब्दकोश उघडून बसले तेव्हा माझे अज्ञान मला कळले.

‘प्रदर्शन’ हा संस्कृत शब्द आहे. ‘दृश्’ म्हणजे पाहणे या धातूला ‘प्र’ हा उपसर्ग लागून तो तयार झाला. एखादी गोष्ट पुढे आणून दाखवणे, हा त्याचा मूळ भाव. परंतु मराठीत या शब्दाचा खरा रंग त्याच्या पुढे येणाऱ्या क्रियापदावरून ठरतो. चित्रांचे प्रदर्शन ‘भरवतात’, श्रीमंतीचे प्रदर्शन ‘करतात’. पहिल्यात पाहणाऱ्याला आमंत्रण आहे, दुसऱ्यात दाखवणाऱ्याचा तोरा आहे. ‘शक्तिप्रदर्शन’ किंवा ‘अज्ञानाचे प्रदर्शन’ म्हणताना कोणी तिकीट काढून पाहायला जात नाही! ‘मांडणे’ हे क्रियापद तर दोन्हीकडे चालते. प्रदर्शन मांडतात आणि दुःखाचा बाजारही मांडतात. आईने नेमके हेच क्रियापद वापरले होते.

चित्रपट मात्र ‘प्रदर्शित’ होतो. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला, असे आपण लिहितो. त्याचे ‘प्रदर्शन भरले’ असे लिहीत नाही.

शेजारच्या हिंदीत गेलो की अर्थ बदलतो. तेथे मोर्चा काढून, घोषणा देऊन केलेला निषेध म्हणजे ‘प्रदर्शन’. वस्तू मांडतात ती ‘प्रदर्शनी’. मराठीत निषेधासाठी ‘निदर्शने’ हा शब्द आहे आणि तो बहुधा अनेकवचनीच येतो. एकदा हिंदी बातमीचे भाषांतर करताना मी ‘विद्यार्थ्यांनी मागण्यांसाठी प्रदर्शन भरवले’ असे लिहिले होते. सारा वर्ग हसला होता!

आता समानार्थी शब्द पाहू. ‘नुमाइश’ हा फारसी शब्द, अर्थ तोच. हैदराबादेत १९३८ साली सुरू झालेले मोठे औद्योगिक प्रदर्शन आजही याच नावाने ओळखले जाते. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. ‘देखावा’ म्हणजे गणपतीपुढची सजावट. पण वागण्यात आला की तोच शब्द ढोंगाचा होतो. ‘तमाशा’ हाही पाहण्याचाच शब्द. तो आपल्या लोककलेचे नाव झाला आणि ‘तमाशा करू नको’ या दटावणीतही जाऊन बसला. ‘संग्रहालय’ हे प्रदर्शनाचे कायमचे घर. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते अशा साध्या घरगुती वस्तू जपून ठेवल्या आहेत.

‘जत्रा’ हा शब्द मला पूर्वी गावंढळ वाटे. पण तो ‘यात्रा’ या संस्कृत शब्दापासूनच आला आहे. ‘य’चा ‘ज’ होतो. योगीचा जोगी झाला, तसाच. ‘उरूस’ हा मूळ अरबी शब्द असून त्याच्या मुळाशी विवाहोत्सवाचा अर्थ आहे. जत्रा, उरूस, बाजार हे ‘भरतात’; लोक येतात आणि ते भरून जातात. प्रदर्शनही ‘भरले’ असे आपण म्हणतो, पण आधी ते कोणीतरी ‘भरवावे’ लागते. काय मांडायचे आणि त्याला काय म्हणायचे, हे तो भरवणारा ठरवतो.

आणि माझी चूक इथेच झाली होती. आईने शेवटी खुरपे दिले. मी त्याखाली सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली : ‘खुरपे. तण काढण्याचे जुने अवजार. आता लुप्त होत चालले आहे.’ पहिल्या दिवशी संध्याकाळी आई कामावरून परस्पर कॉलेजात आली. तिला वाचता येत नाही, म्हणून मी चिठ्ठी वाचून दाखवली. ती म्हणाली, “लुप्त म्हंजी?” मी म्हणाले, “नाहीसं झालेलं.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “उद्या खुरपायला जायचंय. दे ते माघारी.”

ज्या खुरप्यावर माझी वह्या-पुस्तके आली, ते माझ्या लेखी जुने झाले होते! मी खुरपे तिच्या हाती दिले आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी टेबलावरची ती जागा मी रिकामीच ठेवली. चिठ्ठी मात्र नवी लिहिली : ‘खुरपे. तण काढण्याचे अवजार. आज कामावर गेले आहे.’ प्रदर्शन पाहायला आलेली मंडळी तेथे थांबून वाचत होती.

‘प्रदर्शन भरवणे’ आणि ‘प्रदर्शन करणे’ यांतला फरक मी कोशावरून शिकले. मी त्यांतले कोणते करत होते, हे मात्र मला आईने शिकवले.