खुब्याच्या सांध्यावरील धातूची टोपी

संधिवाताने खुबा झिजला, तरी ज्यांना शेतीचे वा धावपळीचे काम सोडवत नाही, असे रुग्ण व त्यांचे नातेवाईक ‘हिप रिसरफेसिंग’विषयी आमच्याकडे विचारणा करतात. संपूर्ण सांधेरोपणात मांडीच्या हाडाचा गोल माथा कापून काढतात. या शस्त्रक्रियेत तो केवळ तासून त्यावर धातूची टोपी व खोबणीत धातूची वाटी बसवितात. टेनिसपटू अँडी मरे यांनी जानेवारी २०१९ मध्ये ती करवून घेतली आणि त्याच ऑक्टोबरात अँटवर्पची स्पर्धा जिंकली.

परंतु टोपी पेलण्यास खालचे हाड सशक्त हवे. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलमुळे ऐन तारुण्यात रक्तपुरवठा तुटून खुब्याचे हाड मृत होते. त्याचा मोठा भाग खचला असल्यास टोपीला आधारच उरत नाही. स्त्रियांत व लहान मापाच्या सांध्यांतही अपयश अधिक आढळले आहे.

शिवाय धातूवर धातू घासून कोबाल्ट व क्रोमियमचे कण शरीरात सुटतात. डिप्यू कंपनीने आपले ए.एस.आर. सांधे ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागविले. भारतात ते सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरले गेले होते. पुढे चौकशी झाली, तेव्हा त्यांतील बहुतेक रुग्णांचा ठावठिकाणाच लागेना. आम्ही हिशेब राखणारी माणसे. आम्हांस हीच गोष्ट अधिक टोचते. सांध्याच्या वेष्टनावरील स्टिकरवर त्याचा क्रमांक असतो. एक स्टिकर केसपेपरवर लागलाच पाहिजे. दुसरा नातेवाइकांनी निःसंकोच मागून घ्यावा, आणि घर बदलल्यास नवा पत्ता रुग्णालयास कळवावा.