परतीचा हिशेब

अमेरिकेत मुलाबाळांकडे गेलेल्या मराठी मंडळींपैकी पुष्कळांची पावले युटा राज्यातील मोआब गावाकडे वळतात, आणि तेथील आर्चेस राष्ट्रीय उद्यानातील दोन हजारांहून अधिक नैसर्गिक कमानींपैकी ‘डेलिकेट आर्च’ ही एक पायी जाऊन पाहिल्यावाचून सहल सार्थकी लागली असे सहसा कोणी मानीत नाही. जाऊनयेऊन सुमारे 4.8 किलोमीटरांची वाट आणि 146 मीटरांची चढण, हे आकडे ऐकून राजगड-रतनगडाची नेढी पाहिलेला मनुष्य मनातल्या मनात हसतो. परंतु सह्याद्रीत वाट चुकली तर विचारावयास एखादा गुराखी तरी भेटतो, त्या वाळवंटात ती सोय नाही. याच उद्यानातील ‘फायरी फर्नेस’ नामक खडकांच्या भुलभुलय्यात परवान्यावाचून अथवा उद्यानाच्या अधिकाऱ्याच्या सोबतीवाचून शिरण्यास मज्जाव आहे. डेलिकेट आर्चच्या वाटेवर तशी हरकत कोणी घेत नाही, आणि हरकत नाही म्हणजे जोखीमही नाही, असा सोयीस्कर अर्थ प्रवासी परस्पर लावून मोकळे होतात.

वाट जेथून सुटते तेथे जॉन वेस्ली वुल्फ या, यादवी युद्धात जायबंदी झालेल्या शिपायाची लाकडी झोपडी अद्याप उभी आहे. 1898 साली तो येथे वस्तीस आला आणि 1910 साली ओहायोस परत गेला. या ठिकाणाहून वेळेवर परतण्याची अक्कल त्याला होती, एवढे मात्र खरे. येथे पिण्याचे पाणी मिळत नाही. ते उद्यानाच्या प्रवेशद्वाराजवळील माहिती केंद्रात आधीच भरून घ्यावे. माणशी किमान दोन लिटर ही अधिकाऱ्यांची शिफारस कोकणच्या वा मुंबईच्या माणसास अतिशयोक्त वाटते, कारण सदरा भिजला की घाम गेला हा आपला जन्माचा अडाखा; त्या कोरड्या हवेत घाम येताक्षणीच उडून जातो, सदरा कोरडाच राहतो, आणि देहातील पाण्याचा खर्च डोके दुखू लागेपर्यंत ध्यानातच येत नाही. उन्हाळ्यात पारा 38 अंशांच्या पलीकडे जातो आणि वाटेवर सावली जवळजवळ नाही.

आम्ही गेलो ते सूर्यास्तास, कारण मावळतीच्या उन्हात तो तांबूस वालुकाश्म पेटल्यासारखा दिसतो अशी ख्याती आहे, आणि ती खोटी नाही. खडकाच्या कडेने कोरलेल्या अरुंद वाटेचे अखेरचे वळण संपताच चौदा मीटर उंचीचा पोकळ गाळा असलेली ती कमान एकाएकी समोर येते आणि मनुष्य घड्याळ विसरतो. प्रकाश ओसरल्यावर आम्ही निघालो तेव्हा पाणी संपत आले होते आणि पाच जणांत विजेरी एकच होती. वाटेचा मोठा भाग उघडा कातळ असल्यामुळे पाऊल उमटत नाही. मार्गाची खूण म्हणजे जागोजागी लगोरीसारखे रचलेले दगड. चढताना पुढची रास आकाशाच्या पार्श्वभूमीवर स्वच्छ दिसते, उतरताना तीच रास त्याच रंगाच्या कातळात विरून जाते. एका राशीपासून पुढची सापडेना, कातळाचा उतार पायाखाली हळूहळू वाढू लागला, आणि आमच्यातील एका वयोवृद्ध बाईंनी “आता मी एक पाऊलही टाकणार नाही” असे निक्षून सांगितले. त्यांच्या त्या हट्टामुळेच आम्ही बचावलो, असे मी आजही मानतो. तेथेच बसून राहिलो. मागून येणाऱ्या एका तरुण जोडप्याच्या कपाळावरील दिव्यांनी खरी वाट उजवीकडे बरीच दूर असल्याचे दाखविले.

तेव्हापासून जो विचारील त्यास मी सांगतो की, जाण्याच्या वेळेची नव्हे, परतीच्या वेळेची तजवीज आधी करावी. प्रत्येकाच्या कपाळावर स्वतंत्र दिवा असावा. मोबाइलवर भिस्त ठेवू नये, कारण त्याची बॅटरी छायाचित्रे काढण्यातच संपलेली असते. निम्मे पाणी कमानीपाशी शिल्लक राहिलेच पाहिजे, आणि सोबत काही खारट खाणेही असावे. चढताना अधूनमधून मागे वळून पाहावे, म्हणजे उतरतानाचा देखावा ओळखीचा होतो. दगडांची रास दिसेनाशी झाली तर अंदाजाने पुढे न जाता शेवटच्या राशीपाशी परतावे. आडवाट धरून तेथील मातीवरचा काळसर, सजीव पापुद्राही तुडवू नये, कारण एका पावलाने मोडलेला तो भरून येण्यास कित्येक वर्षे लागतात. ढग गडगडू लागले तर त्या उघड्या कातळावरून तात्काळ खाली उतरावे.

आणि माझे स्वतःचे मत विचाराल तर सूर्यास्ताचा मोह सोडून पहाटेच निघावे: अंधार वाट्यास आला तरी तो चढताना, अंगात ताकद असताना येतो, आणि उतरण उजेडात होते. छायाचित्रकारांना हे पटत नाही. त्यांनी हवे तर दिवे जास्त न्यावेत.