टी-शर्ट व मगवरील छपाई : कोणती पद्धत निवडावी?

टी-शर्ट, जर्सी, मग यांवर नावे व चित्रे छापून देण्याच्या धंद्याकडे आपले अनेक तरुण वळत आहेत. घरातल्या एका खोलीत तो सुरू करता येतो. गल्लीतील क्रिकेट संघ, शाळांची स्नेहसंमेलने, लग्नकार्ये, दुकानदारांच्या जाहिराती अशी गिऱ्हाइके मिळत राहतात. परंतु बहुतेक जण आधी यंत्र विकत घेतात आणि मग त्यावर काय छापता येईल ते शोधत बसतात. आमच्या मते आधी कापड पाहावे, मग ऑर्डर केवढी आहे ते पाहावे. यंत्राची पाळी शेवटी.

विक्रेत्याच्या दुकानात सब्लिमेशनचा नमुना फार सुंदर दिसतो. कागदावर उलटे चित्र छापून तो कागद सुमारे १९० ते २०० अंश सेल्सिअस उष्णतेने कापडावर दाबतात. शाई वायुरूप होऊन धाग्यात शिरते. कापडावर थर बसत नसल्याने चित्र सोलून निघत नाही. पण हे पॉलिस्टरच्या बाबतीत खरे! सुती धागा ही शाई धरून ठेवत नाही. शिवाय या शाईत पांढरा रंग नसल्याने काळ्या कापडावर ती उठत नाही. म्हणजे तिरुप्पूरहून आलेला काळा सुती टी-शर्ट या यंत्राच्या कामाचा नाही. मगसुद्धा खास लेप दिलेलाच लागतो.

कापडाची शंका असेल तर एक धागा काढून जाळून पाहावा. सुताची राख होते व जळक्या कागदासारखा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते. मिश्र कापडावर सब्लिमेशनचा रंग फिका उतरतो, हेही गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

सुती कापडाच्या मोठ्या ऑर्डरला जुने स्क्रीन प्रिंटिंगच परवडते. यात प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम तयार करावी लागते. समजा, एका फ्रेमला ३०० रुपये खर्च आला, तर तीन रंगांचे ९०० झाले. ३०० टी-शर्टांवर हा बोजा नगामागे ३ रुपये पडतो, दहाच टी-शर्ट असतील तर ९० रुपये. प्रत्येक पाठीवर वेगळे नाव हवे असेल तर हिशेबच जुळत नाही. आणखी एक, प्लास्टिसॉल शाई हवेत वाळत नाही. तिला सुमारे १६० अंश उष्णता मिळाली नाही तर थोड्याच धुण्यांत भेगा पडतात.

अलीकडे डीटीएफचा फार बोलबाला आहे. फिल्मवर चित्र छापून त्यावर गोंदाची पूड टाकतात, ती वितळवतात आणि हीट प्रेसने चित्र कापडावर चिकटवतात. सुती, पॉलिस्टर, पांढरे, काळे, सर्व चालते आणि एक नगही छापता येतो. मात्र मोठे भरीव चित्र अंगावर प्लास्टिकसारखे लागते, घाम आत कोंडतो. म्हणून खेळाच्या जर्सीला आम्ही सब्लिमेशनच सुचवू.

डीटीएफची खरी अडचण पांढऱ्या शाईची. ती तळाशी बसते, यंत्र काही दिवस बंद राहिले की हेड चोंदते, आणि हेड हाच यंत्राचा महागडा भाग. विक्रेता पाच मिनिटांत छपाई दाखवतो, महिनाभर पडून राहिलेले यंत्र दाखवत नाही. जेथे रोज काम नाही व वीज वारंवार जाते, तेथे कर्ज काढून हे यंत्र घेणे धोक्याचे आहे. त्याऐवजी सुरुवातीस फक्त हीट प्रेस घ्यावा. छापलेली फिल्म मीटरच्या भावाने करून देणारे आता बऱ्याच शहरांत आहेत. चार-सहा महिने ऑर्डरींची वही नीट ठेवली, तर आपल्याकडे जर्सी जास्त येतात की सुती माल, दहा-दहा नग येतात की शेकड्यांनी, ते त्या वहीतच दिसेल.

यंत्र पाहायला जाताना मात्र आपले कापड बरोबर न्यावे. त्यावरच छापून घ्यावे, एक दिवस थांबून घरी पाच वेळा धुवावे आणि त्यानंतरच विसार द्यावा.