मँगनीज वाढवून तडा थांबेल का?

प्रश्न : आमच्या खडी क्रशरची नवी मँगनीज स्टीलची जॉ प्लेट आठवड्यातच तडकली. फाउंड्रीवाले म्हणतात, पुढच्या वेळी मँगनीज वाढवू. उपयोग होईल का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : माझ्या मते नाही. आधी उष्णोपचार तपासा. रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी 1882 मध्ये शोधलेल्या या पोलादात सुमारे 12 टक्के मँगनीज आणि 1 ते 1.4 टक्के कार्बन असतो. साच्यात ओतीव सावकाश थंड होताना कार्बन कणांच्या सीमांवर कार्बाइडच्या रूपात साचतो. अशी प्लेट काचेसारखी ठिसूळ असते, मग मँगनीज कितीही असो. तिला सावकाश तापवून सुमारे 1050 अंश सेल्सिअसला, जाडीनुसार पुरेसा वेळ ठेवावे लागते. कार्बाइड विरघळले की भट्टीतून काढून लगेच वाहत्या, गार पाण्यात बुडवायचे. इथे रेंगाळणे महागात पडते. साधे कार्बन पोलाद पाण्यात विझवले की कडक व ठिसूळ होते. हे मात्र चिवट बनते. त्याची कठीणता तेव्हा जेमतेम 200 ब्रिनेल असते, पण दगडांचा मार खाऊन पृष्ठभाग 500 च्या आसपास पोचतो.

फॉस्फरसही पाहा, तो 0.07 टक्क्यांच्या वर नसावा. प्लेट फार जाड असेल, तर गाभा हळू निवतो आणि तिथे कार्बाइड उरतात. उपचारानंतर वेल्डिंग करताना प्लेट आधी तापवू नका, ठिसूळपणा परत येतो.

पुढची प्लेट घेताना रासायनिक अहवालाबरोबर भट्टीचा तापमान-आलेखही मागून घ्या.